ताटाखालचं ओलं फडकं

ताटाखाली ओलं फडकं पसरून जेवायचं, हे कसलं मेलं वळण? टेबलाचं लाकूड फुगलं तरी पोराला फिकीर नाही. आईनं रोज फडकं ओढून घ्यावं आणि मुलानं रोज दुसरं पिळून आणावं.

जहाजावर लाटांनी ताट घसरू नये म्हणून तसं करतात. पण आता तो जहाजावर होता कुठे? वर्षापूर्वी आई हटून बसली. पोटचा पोर डोळ्यांसमोर दिसेपर्यंत घास घेणार नाही म्हणाली. त्यानं मुकाट्यानं समुद्र सोडला आणि गोदामात कामाला लागला. तिला वाटलं, जिंकले. तो दूर होता तेव्हा घर खायला उठायचं, ते समजण्यासारखं होतं. आता तो समोर बसून जेवायचा, तरी घर तसंच खायला उठायचं. हे सांगायचं कुणाला?

त्या दिवशी जहाज कंपनीचा फोन आला. जागा आहे, संध्याकाळपर्यंत कळवा.

"नाही जमणार," तो म्हणाला, आणि फडकं पिळायला मोरीत गेला.

शाळेत शिकवणारी थोरली मुलगी जेवायला आली होती. ती हसली. "असू दे गं आई. उभयचर आहे तो."

"शिवी द्यायची तर मला कळेल अशी दे."

"शिवी नाही गं. संस्कृतातून आलेला शब्द आहे. उभय म्हणजे दोन्ही. चर म्हणजे फिरणारा."

"तुझ्या बापाला मी निशाचर म्हणायची, त्यातला चर?"

"तोच. रात्रीचा फिरतो तो निशाचर. पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे वावरतो तो उभयचर. बेडूक नाही का?"

"आणि बेडकाला कोरड्यातच कोंडलं तर?"

मुलीचं हसू विरलं. "कातडी सुकते त्याची. तो कातडीनंही श्वास घेतो. फार दिवस नाही काढत."

मुलगा मोरीतून आला. आईला बघताच त्यानं फडकं पाठीमागे लपवलं. एवढा बाप्या माणूस, चोरी पकडल्यासारखा उभा.

तिनं हात पुढे केला. त्यानं फडकं दिलं. तिनं त्याचं ताट उचललं, फडकं पसरलं, चारही कोपरे तळव्यानं दाबून बसवले आणि वर ताट ठेवलं. मग फोन त्याच्याकडे सरकवला.

"हो म्हणून कळव त्यांना. वर्षभर मी अर्ध्यालाच जेवायला वाढतेय. जा, आणि येशील तेव्हा सगळा ये."