चौथा चतुर

जुन्या फ्रेंच काचेवरचे किडे पाहून कारागीर ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या दुकानात आलेल्या एका फुलदाणीवरचे पंख पसरलेले चार चतुर एका बाईने घडवलेत, हेही त्याने ओळखलं होतं. पण तिला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. मग त्याने बुडावरची तिची सही घासून काढली आणि बड्या उस्तादाची कोरून फुलदाणी विकली.

महिन्याभराने गिऱ्हाईक फुलदाणी घेऊन परत आलं. “यावर आता तीनच चतुर कसे? चौथा कुठे गेला?”

“चौथा चतुर तुमच्यासमोर बसलाय की!” हसत त्याने फुलदाणी उलटी केली. बूड कोरं होतं.

मागे उभी असलेली त्याची बायको कडाडली, “अहो, तुमच्या मानेवर ही कुठल्या बाईची सही कोरून घेतलीत?”

त्याने मान खाजवली. नख टिणकन वाजलं.