संध्याकाळची आवराआवर

"कोणीतरी माझं सेशन मुद्दाम मारतंय!" नकाशा विभागातल्या ताईंनी कीबोर्ड बाजूला ढकलला.

धरणाखालच्या वस्त्यांचा पुराचा नकाशा. ऑफिसच्या सर्व्हरवर, ताईंच्या सेशनमध्ये अकरा दिवस अखंड चालणारं गणित. दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. सर्व्हरच्या नोंदींचा लॉग कोण उघडतंय, चोर घरातलाच! आता तिसरी खेप. साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं, या वेळी नकाशा आला नाही तर काम दुसऱ्याकडे.

आणि ताईंइतकी टापटिपीची बाई अख्ख्या ऑफिसात नव्हती हो! लांबलचक कमांडी टाइप करून बोटं झिजतात, म्हणून सगळ्यांसाठी शॉर्टकट त्यांनीच तर केले. 'ये' टाइप केलं की आपल्या सेशनमध्ये शिरायचं. 'जा' केलं की बाहेर, आत काम चालूच. शिवाय 'आवर'. लोक सेशनं उघडी टाकून विसरतात, ती सगळी रोज संध्याकाळी सहाला आपोआप झाडून निघायची.

समोरच्या टेबलावरचा चष्मेवाला मात्र सहा वाजून गेले तरी उठायचा नाही.

"ताई, ते 'आवर' एकदा तपासायला हवं," तो म्हणाला.

"आधी स्वतःचं टेबल आवर! मोठा आलाय माझ्या कामाला नावं ठेवणारा."

तो पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळला.

ताई रोज साडेपाचला 'जा' टाइप करून घरी जायच्या. आठ दिवस गणित सुरळीत चाललं. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी सहज, सेशनमध्ये कोण कोण आहे याची यादी पाहिली. त्यांच्या सेशनमध्ये दोघं होते. एक त्या स्वतः. दुसरा चष्मेवाला, तोही या खेपेच्या पहिल्या दिवसापासून!

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या तडक साहेबांकडे गेल्या. तासाभरात चष्मेवाल्याचा पासवर्ड बंद झाला आणि तो सेशनबाहेर फेकला गेला.

"ताई, निदान ऐकून तरी घ्या..."

"एक अक्षर बोलू नकोस! लाज नाही वाटत?"

साडेपाचला ताईंनी 'जा' टाइप केलं. कितीतरी दिवसांनी त्यांना हायसं वाटत होतं.

सकाळी सेशन नव्हतं. नऊ दिवसांचं गणित साफ. समोरची खुर्ची रिकामी होती, मग आता बोट दाखवायचं कुणाकडे? ताईंनी पहिल्यांदाच लॉग उघडला. शेवटची ओळ होती:

'आवर, संध्याकाळी सहा. नकाशाचं सेशन बंद. कारण: आत कोणी नाही.'