रिकामा झोका

थ्रीडी सिनेमा बघताना मेंदूत काय हालचाल होते, ते तपासायला मावशी प्रयोगशाळेत बसल्या होत्या. डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"सून म्हणते, आईंना मेंदूच नाही. बघ गं सापडतो का," त्या यंत्रावरच्या मुलीला म्हणाल्या.

अंगावर पाखरं आली, चेंडू आला, तरी संगणकावरची रेघ जेमतेम हलली. मग एक रिकामा झोका पडद्याबाहेर झेपावला, तशी रेघ उसळली आणि मावशींचे दोन्ही हात पुढे गेले. लहानगी लेक झोक्यावरून पडून वारली, तेव्हा हेच हात वेळेवर पोचले नव्हते.

यंत्रावरच्या मुलीने घाबरून पडदा बंद केला, चष्मा काढला. रेघ मात्र झोक्याच्या लयीत वरखाली होतच राहिली.

"संपलं मावशी, हात खाली घ्या."

 

"थांब गं. आधी तिला उतरू दे."