आम्ही ग्रॅनाइटवाले

“एक्केचाळीस,” आचार्यांनी फोन मालकिणीच्या नाकासमोर धरला. “आम्ही ग्रॅनाइटवाले एक्केचाळीस. डेझीवाले अडतीस. बाकीचे किरकोळ. आहे की नाही पहिला नंबर?”

मालकिणीचं गेमिंग सेंटर सोमवारी उघडणार होतं. बारा कोरे पीसी भिंतीला लागून मांडले होते, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. या पीसींवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं एवढं तिनं ठरवलं होतं. पण लिनक्स शेकडो जण आपापल्या पद्धतीनं बांधून वाटतात आणि ग्रॅनाइट, डेझी अशा प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात, हे कळल्यावर तिचं डोकं भणभणलं. शेवटी तिनं सोपा मार्ग काढला. गावातल्या ऑनलाइन गेमिंग क्लबातल्या खेळाडूंत जी सगळ्यांत जास्त चालते ती डिस्ट्रो घ्यायची, आणि ती ज्याला येते त्याला बारा मशीन सांभाळायला ठेवायचं.

ही नोकरी आपलीच, असं आचार्यांनी परवाच ठरवून टाकलं होतं. प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात त्याच दुपारी राजीनामाही फेकून झाला होता.

‘आचार्य’ हे नाव क्लबातल्या पोरांनी टिंगलीनं ठेवलेलं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. डेझीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. तीन बटणं दाबली की गेम सुरू, यात कसली आली अक्कल? ग्रॅनाइट कशी, एकेक ओळ स्वतः लिहून उभी करावी लागते. सूचना वाचणं हेसुद्धा त्यांच्या मते डेझीवाल्यांचं काम होतं.

त्यांची मावसबहीण ताई, दातांची डॉक्टर, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होती. मालकिणीची दाढ तिनंच काढलेली, तिच्याच ओळखीनं आचार्य इथवर आले होते. ती डेझीवाली. दवाखाना बंद केला की तासभर गेममध्ये गाड्या पळवायची आणि घरी जेवायला बसायची. हिला यातलं काय कळणार, असं आचार्य तिच्या तोंडावर म्हणत.

“ही मोजणी केली कोणी?” मालकिणीनं विचारलं.

“कोणीच नाही. क्लबचे सामने खेळायचे तर एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो, तो आपोआप नोंद करतो. नाव नाही, गाव नाही. फक्त तारीख आणि डिस्ट्रो. लबाडीला जागाच नाही, मॅडम.”

“पण क्लबच्या ग्रुपवर तर ग्रॅनाइटवाले तुम्ही एकटेच बोलता. ही बाकीची मंडळी असतात कुठे?”

“खरा ग्रॅनाइटवाला कमी बोलतो,” आचार्य म्हणाले. न बोलणाऱ्या या चाळीस जणांवर त्यांचा फार जीव होता. “आणि आमची वाढ बघा. गेल्या महिन्यात एकाच रविवारी चार नवे आले. बारा तारखेला.”

ताईनं मान वर केली. “बारा तारखेला तू जेवायला येणार होतास. आम्ही तीन वाजेपर्यंत ताटं मांडून बसलो होतो.”

“अगं, स्क्रीन काळी पडली होती, सांगितलं नव्हतं का? चार वेळा सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं.” आचार्यांच्या बोलण्यात तोराच होता. “तुम्हा डेझीवाल्यांना जमलं असतं?”

ताई उठली. तिनं त्यांच्या हातून फोन घेतला, यादीच्या तळाशी गेली आणि बारीक अक्षरांतली सूचना मोठ्यानं वाचली. “पुसून नव्यानं टाकलेलं प्रत्येक मशीन नवीन खेळाडू म्हणून धरलं जाईल.”

आचार्यांनी फोन ओढून घेतला. ग्रॅनाइटच्या तारखा एकेक करून पाहिल्या. आवाज गेला तो मंगळवार. माउस गोठला तो शनिवार. पीसी सुरूच झाला नाही तो भाचीच्या वाढदिवसाचा दिवस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी त्यांच्याच मशीनच्या निघाल्या. त्यांचे कान तापले. चाळीस माणसं उभ्या उभ्या नाहीशी झाली होती.

“डॉक्टर, या यादीत तुम्ही किती वेळा आहात?” मालकिणीनं विचारलं.

“एकदा. तीन वर्षांपूर्वी टाकली तेव्हाची.”

आचार्यांना राजीनामा आठवला. ग्रॅनाइट गेली खड्ड्यात, नोकरी तरी हातची जायला नको होती. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं.

“डेझीच टाकू, मॅडम. सांभाळायला मी आहेच.”

मालकिणीनं ताईकडे पाहिलं.

“डेझीला सांभाळावं लागतं?”

ताईला भावाची दया आली. तिनं त्याच्याकडे न बघताच, नाही अशी मान हलवली.