एसीची जाळी

स्टुलावर चढून तिने एका हाताने कपाट धरलं आणि दुसऱ्या हाताने एसीचं झाकण वर उचललं. आतल्या दोन्ही जाळ्यांवर धुळीचा थर इतका जाड होता, की बोट लावताच तो जुन्या बनियनसारखा सोलून निघाला. एसी गार हवा देत नव्हता यात नवल नव्हतं. तो आजवर चालला कसा, हेच नवल.

"काकू, सीझन आहे. या आठवड्यात तरी जमायचं नाही," असं मेकॅनिकने फोनवर सांगून टाकलं होतं. पण पलंगावर पडून असलेल्या माणसाच्या पाठीला ते कसं कळावं? घामाने कातडी लाल व्हायला लागली होती. लाल झालेली कातडी फाटायला वेळ लागत नाही.

खरं तर एसी हे तिचं खातं नव्हतं, नवऱ्याचं होतं. घरात ज्या ज्या वस्तूला स्क्रू होता, ती ती त्यांच्या ताब्यात. ते वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही काटा बाहेर पडत नसे. कामगार त्यांना पाठीमागे बिनचूकराव म्हणत. घरी काटे नव्हते, बायको होती. "अगं, ते बटण नव्हे." "अगं, उशीचा अभ्रा उलटा घातलायस." "अगं, झाकण तिरकं राहिलंय." एकदा तर पाहुण्यांसमोर त्यांनी तिच्या सख्ख्या मावशीचं वय दुरुस्त केलं होतं. गप्प घराची तिला त्या काळी फार हौस होती.

आता घर गप्प होतं. थंडी संपता संपता त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येत. त्या मांजर, कप, छत्री अशी चित्रं पुढे धरत आणि गोड आवाजात म्हणत, "बोला बरं काका, हे काय?" ते चित्राकडे बघत, बाईंकडे बघत, मग भिंतीकडे. ओठ हलत, आवाज निघत नसे.

"कळतं त्यांना सगळं," बाई जाताना दारात म्हणत. "शब्द हाताला लागत नाहीत. लागतील कदाचित. नाहीही लागणार."

तिने जाळ्या न्हाणीघरात नळाखाली धरल्या. काळं पाणी वाहून गेलं. गॅलरीत सावलीला त्या वाळल्या, तशी ती पुन्हा स्टुलावर चढली. पलंगावरून दोन डोळे तिच्या हातांवर खिळले होते. बाकी सगळं बदललं, डोळे मात्र तपासनिसाचेच राहिले होते.

"असे काय बघताय? तुमच्याइतकं नाही, पण जमेल मला," ती म्हणाली. एकटीने बोलायची तिला आता सवय झाली होती.

डावी जाळी खोबणीत बसली. उजवीही गेली, पण झाकण लागेना. तिने तळहाताने दाबलं. एका कडेला बोटभर फट राहिली. तिने पुन्हा दाबलं.

"उलटी."

आवाज जाड होता, घशात अडकत आलेला. ती स्टुलावरून जवळजवळ उडी मारूनच खाली आली. झोपल्या जागी उलटी झाली तर ती श्वासात जाते, लगेच कुशीवर वळवायचं, असं तिला इस्पितळात बजावून सांगितलं होतं. तिने पलंगाखालचं घमेलं ओढलं, त्यांच्या मानेखाली हात घातला.

"आली का? थांबा, थांबा. वळा माझ्याकडे."

त्यांनी डाव्या हाताने घमेलं ढकलून दिलं. ते खणखणत जमिनीवर गेलं. मग त्याच हाताचं बोट तिच्या खांद्यावरून वर, भिंतीवरच्या एसीकडे रोखलं गेलं.

"जाळी," ते म्हणाले. "उलटी."

तिने मान वळवून फटीकडे पाहिलं.

"मग आधी नाही का सांगायचं?" ती करवादली. "दोन-दोनदा वर चढायला लावता माणसाला! तोंड नव्हतं का?"

आणि मग तिचं बोलणं तिलाच ऐकू आलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आपण बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी होती आणि नजर त्या बोटभर फटीवर. एक चूक समोर दिसत होती आणि कुणी ती काढत नव्हतं, एवढंच त्यांना खुपत होतं.

तिने मुलीला फोन करायला मोबाइल उचलला. मुलगी काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. "बाबांना दे. बाबा, बोला बरं, एकदा बोला." आणि मग पुन्हा नुसते ओठ हलतील. तिने मोबाइल खाली ठेवला.

ती उठली, पदराने डोळे पुसले आणि स्टुलावर चढली. उजवी जाळी बाहेर काढली. कडेला एक बारीक बाण कोरलेला होता, तो आता कुठे तिला दिसला. बाण वर हवा होता. तिने जाळी फिरवून सरळ धरली. पाठीवर त्यांची नजर तिला जाणवत होती.

मग तिने ती पुन्हा फिरवली, पहिल्यासारखी उलटीच खोबणीत सरकवली, आणि मागे न बघता कान देऊन उभी राहिली.