उजवा कौल

उमाकांत बायकोला चमच्याने पेज भरवत होता. मेंदूतल्या दुसऱ्या रक्तस्रावाने वासंतीची उजवी बाजू लुळी पडली होती.

पहिल्या खेपेलाच डॉक्टर म्हणाले होते, "मोयामोया आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याचा आजार. गोळ्यांवर राहता येईल, पण मेंदूची बायपास केली तर पुन्हा रक्तस्राव व्हायचा धोका कमी." वासंतीने निर्णय ग्रामदेवीवर सोपवला आणि कौल लावायला त्याला धाडलं.

देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडलं. होकार! पण वासंतीची कवटी उघडणार, या विचारानेच त्याने हाय खाल्ली. घरी येऊन म्हणाला, "डावं पडलं. देवी नको म्हणते."

आता त्याचे डोळे भरलेले पाहून वासंती अडखळत म्हणाली, "रडताय कशाला? देवीचा शब्द... पाळलात ना? बरी झाले की... तिची ओटी भरू."