कोरडं कपाळ

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात छातीभर पाण्यात उभ्या शमुवेलकाकांनी तळवा कपाळावर घट्ट दाबून धरला होता.

"काका, हात काढा," पाळक म्हणाले. "बाप्टिस्टांत पूर्ण बुडावं लागतं."

"बाकीचा बुडवा की. एवढी जागा आधीच झालीय."

खोटं नव्हतं. काका जन्मले त्या पंथात तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देत. तिथले पाळक म्हणजे काकांचे वडीलच. लेकाला पाणी घातलं आणि आठवड्याभरात पटकीनं गेले. बापाचा हात अंगाला लागला तो तेवढाच. बाप्टिस्टांच्या लेखी मात्र ती नुसती आंघोळ, तीही अर्धवट. पण काकांची बायको बाप्टिस्ट. ती इथल्या कबरस्थानात निजली होती, आणि तिच्या शेजारची जागा सभासदालाच मिळणार होती.

पाळकांनी नाइलाजानं तसंच बुडवलं. काका वर येताच पहिल्या बाकावरचे चर्चचे पंच उठले. "कपाळ कोरडंय! हा धरायचा नाही!"

काकांनी खिडकीतून कबरस्थानाकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, आणि पाळकांनी पुन्हा बुडवलं.

या खेपेला मंडळीनं "हालेलुया" म्हटलं, पेटी वाजू लागली. काका पायरीवर येऊन थबकले आणि वाकून पाण्यात बघत राहिले.

"काही पडलं का आत?" पाळकांनी विचारलं.

"हो."

पाळक बिचारे पुन्हा पाण्यात उतरून तळ चाचपू लागले. "कवळी का हो?"

कवळी तोंडातच होती. काकांनी ओठ मिटून मान डोलावली, आणि पाळक शोधत राहिले.